पासलीच्या गेनबाच्या ढिल्या बिजागऱ्या

भोरच्या बाजारात माझं लोखंडी सामानाचं दुकान होतं, तेव्हाची ही हकीकत. साल छत्तीस-सदतीस असेल. खिळे, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, विळे, पहारी, बादल्या असा माल मी ठेवत असे. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. मालाच्या बाबतीत तर फारच. माझ्याकडून गेलेली कडी तुटली आणि कुणी गावात जाऊन माझं नाव सांगितलं, तर मला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. बायको म्हणायची, तुम्ही दुकान चालवता की अब्रू सांभाळता? मला त्या दोन्हींत कधी फरक वाटला नाही.

त्या वर्षी पुण्याहून आलेल्या मालात पितळी बिजागऱ्यांची एक पेटी सदोष निघाली. बिजागरीची दोन पाती असतात आणि ती एकमेकांत गुंतवून मधून एक सळी घातलेली असते. सळीचं वरचं डोकं जाड असतं आणि खालचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं, म्हणजे ती निसटत नाही. या पेटीतल्या एकाही सळीचं खालचं टोक ठोकलेलं नव्हतं. नखानं डोकं उचललं की सळी सरळ हातात यायची. असल्या बिजागरीवर दार लावायचं म्हणजे चोराला आमंत्रणच. मी पेटी सुतळीनं करकचून बांधली आणि परत पाठवायला म्हणून कोपऱ्यात टाकून दिली.

चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी गेनबा दुकानात आला. साठीला टेकलेला, काटक, अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी. पासलीचा, म्हणाला. पासली वेल्ह्याच्या डोंगरात. तिथून भोरला यायचं म्हणजे डोंगर उतरून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं चालत राहायचं, वाटेत कुणाच्या तरी पडवीत अंग टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी बाजार गाठायचा. एवढं चालून माणूस बिजागऱ्यांसाठी आला, याचं मला जरा कौतुकच वाटलं. त्यानं घरी फडताळ केलं होतं. फणसाच्या फळ्या, स्वतः तासलेल्या. गावाला सुतार नव्हता, तेव्हा वाकस आणि रंधा मागून आणून त्यानंच ते जमवलं होतं. आता फक्त दार बसवायचं राहिलं होतं.

मी लोखंडी बिजागऱ्या पुढं केल्या. त्यानं एक उचलली, उजेडात धरली, अंगठ्याच्या नखानं सळीचं डोकं वर उचलून पाहिलं आणि खाली ठेवली. दुसरी घेतली, तसंच केलं. मी पितळी काढल्या. त्याही झाल्या. मग मी मोठ्या काढल्या, लहान काढल्या, फुलाच्या नक्षीच्या काढल्या. गादीवर बिजागऱ्यांची रास पडली. हा बाबा प्रत्येक सळीला नख लावतोय आणि तोंड पाडून म्हणतोय, "ही बी पक्कीच हाय." विंझरच्या दुकानातही बघून झालं म्हणाला, तिथंही सगळ्या पक्क्याच.

माझा पारा चढला. मी विचारलं, बाबा, तुम्हाला पक्की बिजागरी हवी आहे की कच्ची?

"कच्ची आसंल तर बघा, शेट," तो म्हणाला.

वर त्यानं कडी-कोयंड्यांच्या ढिगातून सगळ्यात जाड, वाड्याच्या दिंडीदरवाजाला शोभेल अशी कडी निवडली आणि बाजूला ठेवली. तिला बसेल असं दणकट कुलूपही मागितलं. फडताळाच्या एका बाजूला हे असलं कुलूप आणि दुसऱ्या बाजूला निसटणारी बिजागरी! मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. म्हटलं, थट्टा करायला दुसरं दुकान बघा, माझ्याकडे बाजारची गर्दी आहे. तो काही रागावला नाही. पायरीवर बसला, डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि गर्दी ओसरेपर्यंत तसाच बसून राहिला. गर्दी ओसरल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. गावात सांगण्यासारखं नव्हतं आणि मी परका होतो, म्हणून असेल.

गेनबाच्या घरात तिघं. तो, त्याची बायको ठकुबाई आणि सून बया. मुलगा सोनबा मुंबईला गोदीत, वर्षातून एकदा भाताच्या कापणीला यायचा. बयाला पाचवा महिना लागला होता. पहिलटकरीण, पण माहेरी कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच. आणि ठकुबाई तिला पोटभर खाऊ देत नव्हती.

सासुरवासाची नेहमीची कथा असेल म्हणून मी तोंड वाकडं केलं. गेनबानं मान हलवली. तसं न्हाई शेट, म्हणाला, ती वाईट न्हाई, ती भेलीय.

त्यांना एक मुलगी होती, रतन. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा घरात दुभतं भरपूर होतं. गेनबाचा जीव होता लेकीवर. रोज स्वतः वाटी भरून तूप तिच्या भातावर ओतायचा, गूळ-खोबरं हातावर ठेवायचा. रतन अंगानं भरली, पोर पोटात चांगलं वाढलं, आणि बाळंत होताना अडलं. तीन दिवस ती ओरडत होती. मग दोघंही गेली. सुईण जाताना म्हणून गेली की पोर फार मोठं होतं, पोरीला इतकं चारायला नको होतं.

ते वाक्य ठकुबाईच्या काळजात रुतून बसलं. आता सुनेला दिवस गेल्यावर तिनं ठरवून टाकलं, की हिचं पोट हलकं ठेवायचं. पोर लहान राहिलं की सुटका सोपी. अर्धी भाकर, पाणचट आमटी, भात मूठभर. तूप, गूळ, खोबरं बंद. आमच्याकडेही जुन्या बायका असं बोलताना मी ऐकलं होतं, तेव्हा एकट्या ठकुबाईला मी नावं ठेवणार नाही. घरातली मडकी उघडी, शिंक्याला हात पोचतो, म्हणून तिनं नवऱ्यामागं धोशा लावला, की मला कुलपाचं फडताळ करून द्या. किल्ली मी कमरेला लावीन.

गेनबानं एकदाच तोंड उघडलं होतं. म्हणाला होता, गाभण म्हशीला आपण पेंड घालतो, अंबोण घालतो, तिला कधी उपाशी बांधतो का? ठकुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, रतनीला कुणी चारलं होतं? गेनबा उठला आणि वाकस मागायला बाहेर पडला.

आणि सुनेशी तर तो बोलूच शकत नव्हता. त्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. आत यायचं तर आधी खाकरायचं, तिनं पदर ओढून बाजूला व्हायचं, काही सांगायचं तर ठकुबाईमार्फत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्या पोरीचा आवाज त्यानं धड ऐकला नव्हता. पण डोळे होते ना त्याला. बयाच्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. एकदा ती गोठ्यात म्हशीपुढची पेंड चिमटीनं तोंडात टाकताना त्यानं पाहिली आणि तो तसाच मागच्या पावली परत फिरला.

म्हणून ही ढिली बिजागरी. ठकुबाईला हवं तसं जाड कुलूप पुढून लावायचं, तिचं समाधान करायचं. आणि दुसऱ्या बाजूच्या दोन सळ्या वर ओढल्या की दार बिजागरीकडून उघडणार. कुलूप जागच्या जागी, किल्ली ठकुबाईच्या कमरेला, आणि सुनेचा हात तुपाच्या मडक्यात.

मी हिशेबाची वही मिटली. मग विचारलं, पण गेनबा, सुईणीचं खरं निघालं तर? तो म्हणाला, त्येच तर रोज इच्यारतो शेट, सवताला.

मी उठलो, कोपऱ्यातली पेटी ओढली, सुतळी तोडली आणि त्या बिजागऱ्या त्याच्यापुढं ओतल्या. त्यानं एका सळीला नख लावलं. सळी अलगद वर आली. एवढ्याशा वस्तूनं इतका आनंद झालेला माणूस मी त्या दुकानात पुन्हा पाहिला नाही. पण आता मला चैन पडेना. सळ्या निघत होत्या खऱ्या, पण एक-दोन मध्येच अडकत होत्या. जो माल खराब म्हणून मी शिव्या घालत होतो, तोच मी कानस घेऊन आणखी खराब करत बसलो. दोन सळ्या घासून घासून अशा गुळगुळीत केल्या, की पोरानंही काढाव्यात. खोबरेलाचा हात दे म्हणजे आवाज होणार नाही, हे सांगितलं. कडी ताठ ठोकू नको, थोडी ढिली ठेव, नाहीतर दार दुसऱ्या बाजूनं फिरणार नाही, हेही सांगितलं. आणि सळीचं डोकं वरच राहू दे, उलटी बसवलीस तर तुपासकट दार तुझ्या पायावर. इथं आम्ही दोघंही हसलो.

पुढचं सगळं मला त्यानं कार्तिकात सांगितलं, पुन्हा बाजाराला आला तेव्हा. त्या सात महिन्यांत मी त्याची किती वाट पाहिली, ते माझं मलाच ठाऊक. पासलीकडचा कुणी दुकानात आला की मी गेनबाची चौकशी करायचो आणि तो आपला भाताचं सांगायचा.

दार छान बसलं. ठकुबाईनं कुलूप ओढून पाहिलं, दोनदा हिसका दिला, खूश झाली. तूप, गूळ, खोबऱ्याच्या वाट्या आत गेल्या, किल्ली कमरेला गेली. आता बयाला कळवायचं कसं? गेनबानं त्यासाठी मांजराला धरलं. ठकुबाई पाण्याला गेली होती, बया जात्यावर बसली होती, मांजर चुलीच्या उबेला पडलं होतं. गेनबा खाकरून आत आला, फडताळापाशी उकिडवा बसला आणि मांजराकडे बघून मोठ्यानं म्हणाला, काय गं मने, ह्या दाराची गंमत बघितली का? ही सळी अशी वर ओढायची. ही दुसरी. आन दार हिकडनं सुटतं. खायाचं, आन पुन्हा सळी घालून ठेवायची. कुनाला कळत न्हाई.

मांजरानं एक डोळा उघडून पाहिलं. जात्याची घरघर थांबली होती. गेनबानं सळ्या पुन्हा घातल्या आणि तो बाहेर गेला. झालं काम, असं त्याला वाटलं.

बया सळ्या काढते की नाही हे समजावं, म्हणून त्यानं वरच्या सळीच्या डोक्यावर भाताचं एक तूस ठेवून दिलं. सळी हलली की तूस पडणार. दुसऱ्या दिवशी तूस जागेवर. तिसऱ्या दिवशी जागेवर. आठवडा गेला तरी ते तूस आपलं तिथंच, पिवळं धमक. गेनबाला वाटलं पोरीला समजलं नाही. त्यानं पुन्हा मांजर गाठलं, पुन्हा सगळा धडा दिला, या वेळी सावकाश, एखाद्या मठ्ठ रेड्याला समजवावं तसा. बया भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि तीही मांजराकडेच बघून बोलली.

"मने, मामंजींना सांग, मला पयल्याच दिशी कळलंय. पर पोटुशीनं चोरून खाल्लेलं पोटातल्याला लागतं. मी उपाशी राहीन. माजं लेकरू चोर व्हायला नगं."

दोन वर्षांत सुनेचे हे पहिले शब्द त्यानं ऐकले. गेनबा म्हणाला, शेट, लाकडात कुठं गाठ हाय ते मला कळतं, हिथं न्हाई कळली. आपण तिला वाट करून देतोय असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे आपण बायकोशी भांडायचं टाळलं आणि चोरीचं काम त्या पोरीच्या गळ्यात घातलं. हे मी म्हणत नाही, हे तोच म्हणाला, आणि मान खाली घालून म्हणाला. मलाही ओशाळल्यासारखं झालं. सळ्या घासायला मी होतोच की.

तरी अजून महिनाभर तो गप्पच राहिला. भीती त्यालाही होतीच. रात्री डोळा लागला की रतनचा ओरडा ऐकू यायचा. वैशाखात त्यांच्याकडे राब भाजायचं काम असतं. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवतात. बया डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन खाचराच्या बांधावरून येत होती. गेनबा पुढं होता. मागं काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून वळून बघतो, तर भारा एकीकडे आणि पोरगी दुसरीकडे. शेजारच्या शेतातल्या बायका धावल्या, पाणी मारलं, तिला उठवून बसवलं. डोळे उघडल्यावर ती आधी पोटावर हात फिरवत राहिली आणि कुणाकडेच बघेना.

गेनबा तिथं थांबला नाही. तरातरा घरी गेला.

ठकुबाई चुलीपुढं होती. बायकांनी बयाला मागोमाग धरून आणलं, भिंतीला टेकवलं आणि त्या आपापल्या कामाला गेल्या. ठकुबाईनं घाबरून पाणी दिलं, वारा घातला, मग ताट वाढलं. अर्धी भाकर आणि पाणचट आमटी. तेवढ्यात गेनबा न खाकरता आत आला. पायातली वहाण काढायचंही भान नव्हतं त्याला. तो फडताळाशी गेला, एक सळी ओढली, दुसरी ओढली आणि दार उघडलं. कुलूप कडीत तसंच लोंबकळत राहिलं. ठकुबाईचा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडे गेला. किल्ली होती.

त्यानं तुपाचं मडकं काढलं, गुळाचा खडा काढला, बयापुढं बसला. भाकरीवर तूप घातलं. आणि तिच्याकडे बघून, मांजराकडे नव्हे, बोलला.

"खा, बये. ही चोरी न्हाई. मी वाढतोय."

बयानं सासूकडे पाहिलं. ठकुबाई हळू आवाजात म्हणाली, "रतनीलाबी असंच वाढलं व्हतं तुमी."

"व्हय. म्याच वाढलं व्हतं," गेनबा म्हणाला. "आताबी म्याच वाढतोय. काय इपरीत झालं तर माज्या माथी. तुज्या न्हाई, हिच्या न्हाई."

ठकुबाई उठली आणि परसात निघून गेली. बयानं घास उचलला. रडत रडत ती खाऊ लागली. गेनबा तिथंच बसून राहिला, ताट रिकामं होईपर्यंत.

संध्याकाळी ठकुबाईनं कमरेची किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली. भांडण नाही, शिव्या नाहीत. एवढंच म्हणाली, की माझ्या हातानं मी वाढणार नाही, तुम्हाला वाढायचं तर तुम्ही वाढा. आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली.

मग काय विचारता. साठीचा माणूस दोन्ही वेळा चुलीपाशी बसून सुनेला वाढतोय, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं. पाणवठ्यावर बायका पदरात तोंड घालून हसायच्या. पुरुष मंडळी विचारायची, गेनबा, आज कालवण काय? एकानं तर त्याला मुसळ देऊ केलं, म्हणाला कांडायलाही बस. गेनबा हसण्यावारी न्यायचा, पण ते लागायचंच. मला सांगताना त्याचे कान लाल झाले होते. शिवाय घरात बोलायला कुणी नाही. ठकुबाई मुकी आणि बया ताटाकडे बघून हूं म्हणणारी. हळूहळू ती दोन शब्द बोलायला लागली. भात जास्त झाला मामंजी, इतकंच. पण त्याला तेवढं पुरायचं.

बया अंगानं भरली. बांगड्या मनगटावर आल्या. पोट मोठं दिसायला लागलं, आणि जसजसं ते वाढत गेलं तसतसा गेनबाचा घास कमी होत गेला. आपण हिला जगवतोय की मारतोय, हे त्याला कुठं ठाऊक होतं? तूप घालायचा आणि मनात देवाची करुणा भाकायचा. तरी एक वेळ चुकवली नाही. तसल्या वेळी मी काय केलं असतं, हा विचार मी पुष्कळदा केला. मी बहुधा किल्ली पुन्हा बायकोच्या हाती देऊन मोकळा झालो असतो.

श्रावणात बयाला कळा सुरू झाल्या. पासलीला त्या दिवसांत पाऊस कसा असतो, ते तिथं राहिल्याशिवाय समजत नाही. ओढे भरलेले, वेल्ह्याकडं जायची सोय नाही, डॉक्टर तर लांबच. सुईण तेवढी गावातली. सकाळी कळा सुरू झाल्या, दिवस गेला, दुसरा दिवस उजाडला तरी सुटका नाही. गेनबा पडवीत खांबाला टेकून बसला होता. आतून बयाचा आवाज यायचा आणि त्याला तो रतनचा वाटायचा. कुणी भाकर आणून ठेवली ती कोंबड्यांनी नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकुबाई बाहेर आली. ऊन पाणी न्यायला आली होती. ती त्याच्या समोर उभी राहिली. गेनबानं वर पाहिलं. आता ती बोलणार, हे त्याला माहीत होतं, आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं हेही त्यानं ठरवलं होतं. तिच्या तोंडावर ते शब्द आलेले त्याला दिसत होते. पण ती बोलली नाही. पाण्याचा हंडा उचलून आत गेली. त्या एका न बोलण्याबद्दल मी ठकुबाईच्या पाया पडायला तयार आहे.

दिवस कलायला आला तेव्हा आतून पोर रडल्याचा आवाज आला. चांगला खणखणीत. पोराचा आवाज आला, पण आईचा? तो कान देऊन ऐकत होता आणि पावसाच्या आवाजात काही समजत नव्हतं. किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. मग ठकुबाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत ओले, लुगडं भिजलेलं. ती त्याच्या शेजारी, खांबाच्या दुसऱ्या बाजूला टेकून बसली. अडीच महिन्यांनी ती नवऱ्याशी बोलली.

"पोरगी हाय. लई मोठी हाय."

गेनबानं डोळे मिटून घेतले.

"बया बरी हाय," ठकुबाई म्हणाली. "भूक लागली म्हनतीय."

गेनबाला रडू फुटलं. ठकुबाईनं त्याला रडू दिलं. मग अंगणातल्या पाण्याकडे बघत तिनं लेकीचं नाव घेतलं. रतन गेल्यापासून ती ते नाव फक्त नवऱ्याला बोल लावायला घेत आली होती.

"रतनीला तुमी तूप वाढलं, ते बरंच केलं," ती म्हणाली. "माजी लेक भुकेली तरी न्हाई गेली."